तक्क्या आणि पलीकडच्या फुटपाथवरची चिल्लर

गल्लीत तिला सगळे गादीवाली म्हणत. खरं तर गाद्या ती क्वचितच करायची; तिचं काम सोफ्यांचं आणि आरामखुर्च्यांचं. बसून बसून खड्डा पडलेली खुर्ची आली की जुनं कापड उसवायचं, आतल्या स्प्रिंगा सुतळीने पुन्हा आवळायच्या, वर गोणपाट ताणायचं, काथ्या भरायचा आणि नवं कापड चढवून कडेकडेने चुका ठोकायच्या. चुका म्हणजे बोटाच्या पेराहूनही लहान असे टोकदार खिळे. एका हातात ताणलेलं कापड, दुसऱ्या हातात हातोडी. मग चुका ठेवायच्या कुठे? तोंडात. वडिलांनी तिला तसंच शिकवलं होतं. वीस-पंचवीस चुका गालात धरायच्या आणि जिभेने एकेक पुढे सरकवायची.

त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास तिला बोलताच येत नसे. इतर लोक मूग गिळून गप्प बसतात, ही चुका धरून गप्प. गिऱ्हाईक विचारायचं, "शुक्रवारपर्यंत होईल ना?" ती मान डोलवायची. "कापड टिकेल ना हो?" पुन्हा मान. पुढे पुढे ही सवय अंगात इतकी मुरली, की तोंड रिकामं असलं तरी ती मानेनेच बोलायची. लग्न केलं नव्हतं. दुकानाच्या वरच्याच दोन खोल्यांत राहायची, पन्नाशी उलटली होती, आणि आपल्याला कोणाची गरज नाही असं तिने स्वतःला फार पूर्वीच पटवून दिलं होतं.

एका दुपारी तिचा धाकटा भाऊ दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याच्या हातात जाडजूड पट्टा होता आणि पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला वासराएवढा कुत्रा. राखी रंग, सुरकुतलेलं कपाळ, लोंबते ओठ आणि ओठांतून टांगलेली लाळेची तार.

"ताई, एकच वर्ष," भाऊ म्हणाला.

तो पुठ्ठ्याच्या कारखान्यात गोदामावर पहारेकरी होता. कारखाना बंद पडला. आता त्याला मालवाहू जहाजावर स्वयंपाक्याची नोकरी लागली होती, आणि जहाजावर कुत्रा कोण घेणार? मास्टिफ जातीचा हा कुत्रा पिल्लू असल्यापासून गोदामाच्या उंच भिंतींआड वाढलेला. भावाने त्याचं नाव काहीतरी भारदस्त ठेवलं होतं, पण कुत्रा आत आला, दोन फेऱ्या मारून दुरुस्तीला आलेल्या सोफ्याच्या पायथ्याशी आडवा पसरला आणि घोरू लागला. गादीवालीने तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या आणि म्हणाली, "हा कुत्रा आहे की तक्क्या?"

तेच नाव पडलं.

माणसांशी तक्क्या म्हणजे नुसतं लोणी. कापड बघायला आलेल्या बाईचं रांगतं मूल त्याच्या पाठीला धरून उभं राहिलं, तर हा श्वाससुद्धा जपून घ्यायला लागला. ओळखीचं माणूस दिसलं की तो आपलं पासष्ट किलोंचं अंग त्याच्या मांडीला टेकवायचा, आणि माणसाला भिंत शोधावी लागायची. कोणी अनोळखी आत आलं तर उठून, न भुंकता, तिच्या आणि त्या माणसाच्या मध्ये उभा राहायचा. तिने "बसा ना" म्हटलं की हाही बसायचा. आठवड्याभरात ती त्याच्या इतकी नादी लागली की स्वतःची पोळी अर्धी मोडून त्याच्या पुढ्यात टाकू लागली.

फिरायला नेल्यावर मात्र तक्क्याचं दुसरं रूप दिसलं.

कोपऱ्यावरच्या बेकरीपाशी समोरून एक तपकिरी, हातभर लांबीची, खवळलेली कुत्री येत होती. तिच्या पट्ट्याच्या टोकाला साठीची एक उंच बाई. ही निवृत्त बस कंडक्टर. सगळे तिला कंडक्टरबाई म्हणत. सुट्ट्या पैशांवरून तीस वर्षं प्रवाशांशी भांडून झाल्यावर तिने कुत्रीचं नाव चिल्लर ठेवलं होतं. चिल्लर जगातल्या प्रत्येक वस्तूवर भुंकायची. ती तक्क्यावरही भुंकली.

तक्क्या भुंकला नाही. तो थांबला. मानेपासून शेपटीपर्यंत केस उभे राहिले, अंग लाकडासारखं ताठ झालं, आणि तो गादीवालीच्या पुढे आडवा उभा राहिला. मग त्याने एकच झेप घेतली. गादीवालीने पट्टा सोडला नाही, हे खरं. पण त्यामुळे ती बसल्या बसल्या पाच-सहा फूट घसरत गेली. एक चप्पल बेकरीच्या पावांच्या टोपलीत जाऊन पडली. कंडक्टरबाईंनी चिल्लरला उचलून थेट डोक्यावर धरलं आणि असा आवाज लावला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या.

"अहो बाई! कुत्रा आहे की ट्रक? ब्रेक लावा की त्याला!"

त्या दिवसापासून गादीवालीच्या नाकी नऊ आले. माणसांशी लोणी आणि कुत्र्यांशी हा असा. बेकरीवाला म्हणाला, मुसकं बांधा. न्हावी म्हणाला, गावाबाहेर कोणाला तरी देऊन टाका. उंटावरून शेळ्या हाकायला कोणाचं काय जातं? तिने पहाटे पाचला फिरायला जायचं ठरवलं. त्या वेळी तरी रस्ता रिकामा असेल! तर पहिल्याच दिवशी पाच वाजता बेकरीच्या कोपऱ्यावर कोण? कंडक्टरबाई. चिल्लरच्या भुंकण्याला शेजारी कंटाळले होते, म्हणून त्याही बिचाऱ्या माणसं टाळायला पाचलाच निघाल्या होत्या. दोघींनी एकमेकींना टाळण्यासाठी वेळ बदलली आणि बरोबर एकाच वेळेवर येऊन ठेपल्या. चप्पल पुन्हा उडाली.

शेवटी ती गुरांच्या आणि कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाई म्हणजे बुटकी, घाईघाईत बोलणारी, बाह्या कायम वर सारलेली बाई. तक्क्याने तिला पाहताच आपलं डोकं तिच्या टेबलावर ठेवून दिलं.

"हा मारका आहे का हो?" गादीवालीने विचारलं. दोन दिवस ती हेच वाक्य मनात घोळवत होती.

"मारका?" डॉक्टरीणबाईंनी मनगटावरचा जुना व्रण दाखवला. "मारका कसा असतो हे मला चांगलं ठाऊक आहे. हा राखण्या आहे. याच्या पिढ्यान्पिढ्यांना एकच काम लावलेलं: आपलं कोण, परकं कोण हे बघायचं आणि मध्ये उभं राहायचं. माणूस आलं तर हा तुमच्या तोंडाकडे बघतो. तुम्ही हसलात की हाही निवांत. कुत्र्यांच्या बाबतीत मात्र तो तुमचा सल्ला घेत नाही. ते खातं त्याने स्वतःकडे ठेवलंय. त्यातून हा भिंतीआड वाढला. लहानपणी एकही कुत्रा भेटला नाही, मग शिकणार कुठून?"

"मग हा स्वभाव जाणार कधी?"

"स्वभाव जातो कुठे? तुमचा गेला?" डॉक्टरीणबाई हसल्या. "याच्या डोक्यात आपल्या माणसांची एक यादी आहे. ती पुसता येत नाही, पण तिच्यात नावं वाढवता येतात. एकेक. सावकाश. तोंडासमोर तोंड आणायचं नाही, नाकाला नाक तर मुळीच नाही. दोन कुत्र्यांनी एकाच दिशेने चालायचं, रस्त्याच्या दोन कडांनी. हा सैल चालला की पुढच्या वेळी हातभर जवळ. ताठरला की दोन हात लांब. आणि भांडण होण्याआधी घरी परत, झाल्यावर नाही. जोडीला एखादा कुत्रा मात्र पाहिजे."

"आमच्या जोडीला कोण येणार?" गादीवाली पुटपुटली.

दाराबाहेरच्या बाकावर चिल्लरची नखं कापायला आलेल्या कंडक्टरबाई बसल्या होत्या. पातळ भिंतीतून त्यांनी शब्दन् शब्द ऐकला होता आणि तसं लपवायची त्यांना गरजही वाटली नाही.

"मी येते!" त्या बाहेरूनच ओरडल्या. "तीस वर्षं चालत्या गाडीत उभी होते, आता जरा चालून तरी बघू! घरी सूनबाई म्हणते, आई, आवाज कमी. कुत्री भुंकते आणि मी बोलते, दोघींना एकच शिक्षा!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार वाजता दोघी निघाल्या. डाव्या फुटपाथवर गादीवाली आणि तक्क्या, उजव्यावर कंडक्टरबाई आणि चिल्लर. मध्ये अख्खा रस्ता, त्यावर सायकली, हातगाड्या, रिक्षा. चिल्लर भुंकत होती. तक्क्या ताठ होता, पण अंतर मोठं असल्याने झेप घ्यावी की नाही हे त्याचं ठरत नव्हतं.

"अहो!" पलीकडून हाक आली. "बोला काहीतरी! मुक्याने चालायला आपण काय प्रेतयात्रेला निघालोय?"

गादीवाली काहीतरी बोलली.

"ऐकू येत नाही! पोटातून काढा आवाज! शेवटच्या सीटपर्यंत गेला पाहिजे!"

"मी म्हटलं," गादीवाली आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर ओरडली, "काय बोलू?"

"काल काय केलं ते सांगा!"

काल तिने एका वकिलाचा जुना सोफा उसवला होता. तिने ते सांगितलं. मग सोफ्यांच्या पोटात काय काय सापडतं ते सांगितलं: कंगवे, चाव्या, पत्त्यांमधली राणी, एका म्हाताऱ्याची दातांची कवळी. कवळीचा मालक तीच हरवली म्हणून दोन वर्षं बायकोवर रुसला होता, आणि दोन्ही वर्षं तो त्याच सोफ्यावर बसून रुसला होता. कंडक्टरबाई पलीकडे खांबाला धरून हसल्या. तक्क्याने मान वळवून आपल्या मालकिणीकडे पाहिलं. हा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. ऐकता ऐकता त्याची पाठ सैल झाली, शेपटी खाली आली, आणि तो चक्क चालायला लागला.

मग रोज चारला हे सुरू झालं. कंडक्टरबाई बसमधल्या गोष्टी सांगायच्या. एका प्रवाशाने आरसा लावलेलं कपाट बसमध्ये चढवलं आणि सगळ्या बायका मुक्काम येईपर्यंत केस नीट करत बसल्या. एक बाई बसमध्येच बाळंत झाली, तेव्हा ड्रायव्हर एवढा घाबरला की त्याने बस थेट पोलीस चौकीत नेली. हे सगळं वीस पावलांवरून, वाहनांच्या वरच्या पट्टीत. साहजिकच अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं. न्हावी चारच्या सुमाराला गिऱ्हाइकाला साबण लावून वस्तरा हातात तसाच धरून दारात यायचा. बेकरीवाला दुपारची झोप सोडून उठायचा. गोष्ट अर्धी राहिली तर दुसऱ्या दिवशी तोच विचारायचा, "मग ते कपाट खाली उतरलं कसं?"

तीन आठवड्यांनी दोघी रस्त्याच्या निम्म्या अंतरावर आल्या. एके दिवशी न्हाव्याच्या दारात बसलेली मांजर आडवी गेली, तक्क्या ताठरला, दोघी निमूट पुन्हा लांब गेल्या. पुन्हा सुरुवात. आणखी महिन्याने त्या एकाच फुटपाथवरून चालू लागल्या, मध्ये सहा पावलं. आता ओरडायची गरज राहिली नव्हती. "अहो"चं "अगं" कधी झालं हे दोघींनाही कळलं नाही. रस्त्याचा मात्र हिरमोड झाला.

"काकू," न्हावी काकुळतीला येऊन म्हणाला, "जरा लांबून चाला की. काही ऐकू येत नाही आता."

हे सगळं गोडीत चाललं असताना व्यायामशाळेच्या मास्तरांनी कुत्रा घेतला. पिवळसर, तरुण, आनंदी कुत्रा. पट्टा फक्त मास्तरांच्या खांद्यावर. त्या दिवशी दोघी तळ्याच्या काठाने चालल्या होत्या. समोरून तो पिवळा कुत्रा बाणासारखा धावत सुटला, आणि त्याच्या मागून मास्तर.

"घाबरू नका! आमचा काही करत नाही! त्याला फक्त मैत्री करायची असते!"

"आमच्याला नसते हो!" कंडक्टरबाई ओरडल्या. पण कुत्र्याला कोण सांगणार?

गादीवालीने पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि डोळे मिटले. एक गुरगुर ऐकू आली, खूप खोलवरून, जड कपाट सरकवल्यासारखी. मग धप्प. डोळे उघडले तर पिवळा कुत्रा पाठीवर, चारी पाय वर, आणि त्याच्या छातीवर तक्क्याचा एक पंजा. तक्क्या चावत नव्हता. तो नुसता वर उभा होता आणि त्याची लाळ खालच्याच्या नाकावर ठिबकत होती. मास्तर धावत आले तसा त्याने पंजा उचलला, दोन पावलं मागे आला आणि पुन्हा ताठ उभा राहिला.

पिवळ्याला एक ओरखडासुद्धा नव्हता. मास्तर मात्र पांढरेफटक पडले होते. "हा रस्त्यावर आणायचा कुत्रा नव्हे!" एवढं बोलून ते आपल्या लाळेने ओल्याचिंब झालेल्या कुत्र्याला घेऊन गेले.

त्या संध्याकाळी गादीवाली दुकानात बसून राहिली. भावाला पत्र लिहायला घेतलं: याला इथून घेऊन जा, माझ्याने होत नाही. कंडक्टरबाई तोपर्यंत कधीच दुकानात आल्या नव्हत्या. आत दोन कुत्रे एकाच छताखाली येतील म्हणून. आज त्या चिल्लरला बाहेर खांबाला बांधून आत आल्या आणि पत्र हातातून काढून घेतलं.

"तू डोळे मिटले होतेस ना?"

"हो."

"मग तुला काय दिसणार, कप्पाळ? मी बघत होते. तो पिवळा आला तो चिल्लरच्या अंगावर. तुझ्या नव्हे. ती भुंकायलासुद्धा विसरली. आणि या तुझ्या तक्क्याने काय केलं? तो तिच्या पुढे येऊन आडवा उभा राहिला. तू मागे, मी मागे, ती मागे. अगं, तिला त्याने आत घेतलं."

गादीवालीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"डॉक्टरीणबाई काय म्हणाली होती? यादीत नाव वाढवता येतं. झालं की! तिसरा महिना संपायच्या आत झालं. आणि तू पत्र लिहितेस?"

दोघींनी एकदम बाहेर पाहिलं. बोलण्याच्या नादात दार उघडं राहिलं होतं. तक्क्या कधी उठून बाहेर गेला ते कळलंच नव्हतं. खांबापाशी तो आडवा पसरला होता, तोंड रस्त्याकडे. चिल्लर त्याच्या पोटाला पाठ लावून बसली होती आणि रस्त्याने जाणाऱ्या सायकलवर भुंकत होती. दर भुंकण्याला तक्क्याचा एक कान हलत होता, बाकी काही नाही.

"हलू नको," गादीवाली कुजबुजली. पण हलायचं कोणाला सुचत होतं? दोघी तिथेच उंबऱ्यात बसल्या. कंडक्टरबाईंनी डोळे पुसले आणि वर म्हणाल्या, "काथ्याची धूळ फार आहे हं तुझ्या दुकानात."

दोन दिवसांनी मास्तर आले, पट्टा बांधलेला कुत्रा दूर कोपऱ्यावर आपल्या पुतण्याच्या हाती देऊन. खाली मान घालून म्हणाले, "चूक माझी होती. माझा सगळ्यांच्या अंगावर धावतो. दुसऱ्याला आवडतं की नाही हे मी कधी विचारलंच नाही." गादीवालीने त्यांना बसायला स्टूल दिलं, चहा दिला. तक्क्याने त्यांच्या मांडीला अंग टेकवलं आणि तालमीत एवढं शरीर कमावलेला माणूस स्टुलासकट भिंतीला चिकटला.

वर्ष संपलं आणि भाऊ परत आला. उन्हाने काळवंडलेला, हातात नवी साखळी. एका मोठ्या गोदामात त्याला पुन्हा पहाऱ्याचं काम मिळत होतं, पण मालकाची अट होती: सोबत राखणीचा कुत्रा पाहिजे.

"चल रे बाबा," तो तक्क्याला म्हणाला. तक्क्याने आनंदाने त्याचे हात चाटले, त्याला दोनदा भिंतीवर दाबलं आणि परत येऊन चिल्लरशेजारी पसरला.

गादीवाली खुर्चीच्या पाठीला कापड चढवत होती. तिने तोंडातल्या चुका एकेक करून डबीत टाकल्या. सगळ्या टाकून झाल्यावर म्हणाली, "नाही."

"नाही म्हणजे? ताई, कुत्रा माझा आहे."

"तुझा होता!" आवाज पार रस्त्यापलीकडे गेला. न्हाव्याच्या दुकानातली कात्री थांबली. "पुन्हा त्याला चार भिंतीत कोंडणार? तिथे त्याच्याशी बोलणार कोण? एकेका पावलाने मी त्याला इथवर आणलंय. त्याने मला आणलंय. त्याला ही चिल्लर आहे, डॉक्टरीणबाई आहेत, अख्खा रस्ता आहे. राखायचंच असेल तर त्याने हे राखावं. तुझी पुठ्ठ्याची खोकी नाही!"

भाऊ आ वासून बघत राहिला. लहानपणापासून ताईची एवढी लांब वाक्यं त्याने एका दमात ऐकली नव्हती. समोरून न्हाव्याने आणि बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या, तेव्हा तर तो गोंधळूनच गेला.

"मग मी काय करू?" तो शेवटी म्हणाला. "कुत्र्याशिवाय मला ती नोकरी मिळत नाही."

गादीवालीने त्याच्याकडे नीट पाहिलं. जहाजावर वर्षभर भांडी उचलून त्याचे दंड चांगले भरले होते. तिच्याकडे आठ सोफे वाट बघत पडले होते, आणि स्प्रिंगा आवळायला दंडांत जोर लागतो.

"ही सुतळी धर," ती म्हणाली. "आणि मी सांगेन तेव्हा ओढ."

पहिल्या आठवड्यात त्याने बांधलेली स्प्रिंग सुटून छताला लागली आणि दिवा फुटला. दुसऱ्या आठवड्यात कमी सुटल्या. दुपारचा स्वयंपाक मात्र तो असा करायचा की कंडक्टरबाईंनी घरी जेवणं बंद केलं आणि सूनबाईंनी त्याबद्दल गादीवालीचे जाहीर आभार मानले.

तक्क्या सगळ्या कुत्र्यांचा मित्र झाला, असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे. समोरून अनोळखी कुत्रा आला की आजही गादीवाली रस्ता ओलांडते, त्याला भिंतीकडच्या बाजूला घेते आणि त्याच्याशी काहीबाही बोलत राहते. मास्तरांचा पिवळा आता पट्ट्यात चालतो, दहा पावलांवरून. त्याचं नाव यादीत चढायला अजून वर्ष लागेल, कदाचित चढणारही नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, नाही चढलं तरी चालेल, दहा पावलं काय वाईट आहेत?

परवा एक नवी शेजारीण दुकानामागच्या कुंपणापलीकडून जरा घाबरतच विचारत होती, "तुमचा कुत्रा इतर कुत्र्यांशी कसा वागतो हो?"

"कुठल्या कुत्र्यांशी?" गादीवालीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता कुंपणाला टेकून सांगायलाच बसली. सांगून होईपर्यंत चहा दोनदा गार झाला.